विंडोज ‘होम’ घ्यावं की ‘प्रो’? नवा लॅपटॉप घेण्याआधी हे वाचा

दहावी-बारावीचे निकाल लागले की तालुक्याच्या गावी कॉम्प्युटरच्या दुकानांत गर्दी होते. कुणाला मुलीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप हवा असतो, कुणाला सेवा केंद्रासाठी, कुणाला खत-बियाण्याच्या दुकानातल्या बिलांसाठी. मशीन पसंत पडलं, भाव ठरला की काउंटरवरून प्रश्न येतो, “विंडोज कोणतं पाहिजे, होम की प्रो?” नावावरून वाटतं की प्रो म्हणजे भारी आणि होम म्हणजे साधं. मग कुणी गरज नसताना जास्त पैसे मोजतो, तर कुणी “पाचशेत प्रो टाकून देतो” या बोलण्याला भुलतो. हे दोन्ही टाळायचं असेल तर फरक नेमका काय आहे ते आधी समजून घ्या.

थोडक्यात उत्तर

• घरचा वापर, शाळा-कॉलेज, दुकानाची बिलं, दूध संकलन, ऑनलाइन फॉर्म भरणं: लॅपटॉपसोबत आलेलं होम पुरतं.
• एकाच संस्थेचे अनेक कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळायचे असतील, लोकांची कागदपत्रं पेनड्राइव्हवर न्यावी लागत असतील, किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर घरून चालवायचा असेल: प्रोचा विचार करा.
• बिल न देता, पेनड्राइव्हमधून टाकून दिलेलं प्रो: कुणीच घेऊ नये. अस्सल होम त्यापेक्षा कधीही बरं.

दोन्हींत सारखं काय आहे?

बऱ्याच जणांचा समज असतो की प्रो टाकलं की लॅपटॉप पळायला लागतो. तसं होत नाही. होम आणि प्रो आतून एकच विंडोज आहे. वेग ठरतो तो प्रोसेसर, रॅम आणि एसएसडीवर. विंडोज ११ साठी कंपनीने कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा सांगितली आहे, पण ४ जीबीत रोजचं काम रखडतं. प्रोसाठी जादा पैसे देण्यापेक्षा तेच पैसे ८ जीबी किंवा १६ जीबी रॅम आणि एसएसडीवर घाला, फरक त्याच दिवशी दिसेल.

व्हायरसपासून राखण करणारं डिफेंडर दोन्हींत असतं. फायरवॉल, पिन किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन, दर महिन्याचे सुरक्षा अपडेट हेही दोन्हींत सारखंच. एमएस ऑफिस, टॅली, फोटोशॉप, ब्राउझर, झूम दोन्हींवर चालतात. प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन किंवा आधारचं अंगठ्याचं मशीन जोडताना बघायचं असतं ते विंडोज १० आहे की ११. होम की प्रो हा प्रश्न तिथे साधारणपणे येतच नाही. दोन-तीन कॉम्प्युटरमध्ये एक प्रिंटर किंवा फोल्डर वाटून घेणं होममध्येही जमतं.

अपडेट मिळण्याचा कालावधीही सारखाच. विंडोज ११ चं प्रत्येक नवं व्हर्जन आलं की होम आणि प्रो दोन्हींना २४ महिने अपडेट मिळतात. प्रो घेतलं म्हणून जास्त वर्षं चालेल असं नाही.

मग प्रोमध्ये जास्तीचं काय?

१) बिटलॉकर: लॅपटॉप चोरीला गेला तर चोर हार्डडिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावतो आणि पासवर्ड नसतानाही फाइली उघडतो. बिटलॉकर सगळी डिस्कच कुलूपबंद करतं, त्यामुळे किल्लीशिवाय काहीच वाचता येत नाही. होममध्ये याचं साधं रूप असतं, त्याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. ते फक्त चालू किंवा बंद करता येतं. प्रोमध्ये प्रत्येक ड्राइव्ह वेगळी कुलूपबंद करता येते, पेनड्राइव्हसुद्धा. असा कुलूपबंद पेनड्राइव्ह होमच्या मशीनवर पासवर्ड देऊन उघडतो, पण नव्याने कुलूप लावायला प्रो लागतं.

२) रिमोट डेस्कटॉप: तालुक्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर गावातल्या घरून चालवायचा असेल, तर ऑफिसातल्या त्या मशीनवर प्रो हवं. घरच्या लॅपटॉपवर होम असलं तरी चालतं.

३) ग्रुप पॉलिसी आणि डोमेन: अनेक कॉम्प्युटरना एकाच जागेवरून नियम लावायचे, म्हणजे कुणी नवं सॉफ्टवेअर टाकू नये, पेनड्राइव्ह चालू नये, एका कर्मचाऱ्याचं लॉगिन सगळ्या मशीनवर चालावं, यासाठी प्रो लागतं.

४) अपडेट लांबवणं: होममध्ये अपडेट जास्तीत जास्त ५ आठवडे थांबवता येतात. प्रोमध्ये मोठे बदल ३६५ दिवसांपर्यंत आणि महिन्याचे सुरक्षा अपडेट ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात.

५) हायपर-व्ही आणि सँडबॉक्स: कॉम्प्युटरच्या आत दुसरा बनावट कॉम्प्युटर चालवून एखादं सॉफ्टवेअर तपासायची सोय. हे आयटीवाल्यांचं काम.

६) मोठी मशीन: होम १२८ जीबीपर्यंत रॅम चालवतं, प्रो २ टीबीपर्यंत. आपल्याकडच्या लॅपटॉपमध्ये ८ किंवा १६ जीबी असते, त्यामुळे या फरकाकडे बघायचं कारणच नाही.

यादी वाचून स्वतःला एकच विचारा: यातलं मी येत्या वर्षभरात काय वापरणार आहे? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर होम घ्या.

‘होम सिंगल लँग्वेज’ म्हणजे मराठी चालणार नाही का?

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज’ लिहिलेलं असतं. ते वाचून अनेकांना वाटतं की यात मराठी टाइप होणार नाही. हा गैरसमज आहे. इथे एक भाषा म्हणजे स्क्रीनवरच्या मेनूची भाषा. ती इंग्रजी असेल तर इंग्रजीच राहते. टायपिंग मात्र हव्या तितक्या भाषांत करता येतं.

मराठी कीबोर्ड जोडायचा तर सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘लँग्वेज अँड रिजन’, मग ‘ॲड अ लँग्वेज’मध्ये मराठी निवडा. त्यात ‘फोनेटिक’ कीबोर्डही मिळतो, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी शब्द उमटतो. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. फक्त मराठी टायपिंगसाठी प्रो घ्या असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

स्वस्त लॅपटॉपवर आणखी एक शब्द दिसतो, ‘एस मोड’. यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप चालतात. बाहेरून आणलेलं टॅली, अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर बसत नाही. एस मोड काढायला पैसे लागत नाहीत, पण एकदा काढला की परत लावता येत नाही. घेतानाच दुकानदाराला विचारून घ्या.

कुणाला कोणतं पुरतं?

विद्यार्थी: कला, वाणिज्य, विज्ञान, आयटीआय, डिप्लोमा यांना होम पुरे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगवाल्यांना दुसरी सिस्टिम चालवून बघायची असेल तर व्हर्च्युअलबॉक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर होमवरही चालतं. मेकॅनिकलवाल्यांनी एक गोष्ट बघावी. सॉलिडवर्क्ससारख्या काही सॉफ्टवेअरच्या कंपन्या होमवर अधिकृत मदत देत नाहीत. कॉलेजात काय शिकवतात ते विचारून मगच ठरवा.

दुकानदार, दूध संकलन केंद्र, फोटो स्टुडिओ: एक-दोन मशीन असतील तर होम. फोटो-व्हिडिओच्या कामाला रॅम आणि ग्राफिक्स कार्ड महत्त्वाचं, विंडोजचा प्रकार नाही.

सेवा केंद्र चालवणारे: इथे विचार करून ठरवा. तुमच्या मशीनवर गावातल्या शेकडो लोकांचे आधार, बँक पासबुक, उत्पन्नाचे दाखले पडून असतात. होम असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ दिसतं का बघा. दिसत असेल तर चालू करा, होमवर भागेल. तो पर्यायच दिसत नसेल, तर ते मशीन होममध्ये कुलूपबंद होत नाही. अशा वेळी प्रो घेण्याला अर्थ आहे. आणि काम झालं की लोकांची कागदपत्रं डिलीट करायची सवय लावा, त्याला कोणतंच विंडोज लागत नाही.

हिशेबनीस, कर सल्लागार: गिऱ्हाइकांचा डेटा पेनड्राइव्हवर नेता-आणता आणि घरून ऑफिसचं मशीन चालवता, तर प्रोचे पैसे वसूल होतात.

पतसंस्था, सोसायटी, शाळेची लॅब: दहा-पंधरा मशीन आणि सांभाळणारा माणूस असेल तर प्रो. शाळा-कॉलेजांसाठी ‘एज्युकेशन’ नावाचा वेगळा प्रकार असतो, तो संस्थेच्या नावाने मिळतो. दुकानातून सुटे प्रो विकत घेण्याआधी त्याची चौकशी करा. आणि मशीन घेऊन ते सांभाळायला कुणीच नसेल, तर प्रोमधल्या सोयी नुसत्या पडून राहतात.

“पाचशेत प्रो टाकून देतो”: यात काय अडचण?

दुकानात काही लॅपटॉप दोन-चार हजारांनी स्वस्त दिसतात. बिल नीट वाचा. त्यावर ‘डॉस’, ‘फ्रीडॉस’, ‘उबंटू’ किंवा ‘नो ओएस’ लिहिलेलं असेल, तर त्यात विंडोज नाहीच. मग कुणीतरी पेनड्राइव्ह लावून प्रो टाकून देतो. हे प्रो क्रॅक केलेलं असतं. प्रोच का टाकतात? कारण क्रॅकमध्ये होम आणि प्रो दोन्ही फुकटच, आणि प्रो म्हटलं की गिऱ्हाईक खूश.

क्रॅक चालवण्याआधी बहुतेक वेळा डिफेंडर बंद करावं लागतं. म्हणजे घराचा राखणदार बाहेर काढायचा आणि मग अनोळखी माणसाला आत घ्यायचं. अशा फाइलींबरोबर ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम येऊ शकतात. त्याच लॅपटॉपवर तुम्ही नेट बँकिंग उघडता, तिथेच लोकांचे आधार क्रमांक टाकता. पैसे गेल्यावर ‘पाचशेत काम झालं होतं’ हे समाधान उरत नाही.

कायदाही कडक आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब नुसार माहीत असूनही चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. दुकान, सेवा केंद्र, संस्था यांचा वापर धंद्यातच मोडतो, हे लक्षात घ्या.

ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या ‘की’बद्दलही सावध राहा. त्या अनेकदा मोठ्या कंपन्यांसाठीच्या किंवा जुन्या मशीनच्या असतात. आज चालतात, उद्या ब्लॉक होतात, आणि विकणारा सापडत नाही.

तुमच्या लॅपटॉपवर खरं काय आहे? असं तपासा

१) सेटिंग्ज उघडा, ‘सिस्टिम’, मग सगळ्यात खाली ‘अबाउट’. तिथे ‘एडिशन’समोर होम, होम सिंगल लँग्वेज की प्रो ते लिहिलेलं असतं.

२) आता बिल काढा. बिलावर होम आणि स्क्रीनवर प्रो, अशी तफावत असेल तर मधल्या काळात कुणीतरी फॉरमॅट मारून दुसरं विंडोज टाकलं आहे.

३) विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा. छोट्या चौकटीत इंग्रजीत एस-एल-एम-जी-आर, मग एक स्पेस, मग पुढे झुकलेली तिरपी रेघ आणि लागूनच एक्स-पी-आर असं लिहून एंटर दाबा. ‘परमनंटली ॲक्टिव्हेटेड’ आलं तर ठीक. ‘व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन विल एक्स्पायर’ असं येऊन पुढे तारीख आली, तर ते १८० दिवसांच्या मुदतीचं, मोठ्या संस्थांसाठीचं ॲक्टिव्हेशन आहे. घरच्या लॅपटॉपवर ते दिसलं की समजा, काहीतरी गडबड आहे. नुसतं ‘परमनंट’ दिसलं म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. शेवटचा पुरावा बिलच.

चांगली बातमी अशी, की लॅपटॉप मुळात होमसकट घेतलेला असेल तर तुमचा हक्क गेलेला नसतो. हल्लीच्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये विंडोजची की मदरबोर्डवरच साठवलेली असते. आधी आपल्या फाइली दुसरीकडे काढून ठेवा. मग मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर विंडोज उतरवा आणि पुन्हा टाका. ते मदरबोर्डवरची की ओळखतं आणि इंटरनेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. वेगळे पैसे पडत नाहीत. दुरुस्तीला देताना स्पष्ट सांगा, “कंपनीचं होमच टाका.”

४८ आकडी किल्ली कुणाच्या खात्यात आहे?

हा भाग होमवाल्यांनी आणि प्रोवाल्यांनी, दोघांनीही नीट वाचावा. नवा लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतो. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर त्या खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही बदल झाला, की निळी स्क्रीन येते आणि ते ४८ आकडे मागते.

घाईगर्दीत सेटअप करताना खातं दुकानदाराच्या किंवा ओळखीच्या मुलाच्या ईमेलवर काढलं असेल, तर किल्ली त्यांच्याकडे आणि लॅपटॉप तुमच्याकडे. त्यांना तो पासवर्ड आठवला नाही तर फोटो, हिशेब, प्रोजेक्ट सगळं गेलं. किल्ली हरवली तर मायक्रोसॉफ्टसुद्धा ती परत देऊ शकत नाही. म्हणून पहिला सेटअप स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवरच करा. मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवर आपल्या खात्यात जाऊन ‘डिव्हाइसेस’खाली रिकव्हरी की बघा, वहीत लिहा आणि वही लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता घरी कपाटात ठेवा.

आज होम, उद्या प्रो: जमतं का?

जमतं. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, मग ‘ॲक्टिव्हेशन’मध्ये ‘अपग्रेड युवर एडिशन’ असा पर्याय असतो. तिथे रुपयांतला त्या दिवसाचा भाव दिसतो. पैसे भरले की त्याच मशीनवर प्रो सुरू होतं, फाइली आणि सॉफ्टवेअर जागेवर राहतात. अमेरिकेत होम १३९ डॉलरला, प्रो १९९ डॉलरला आणि होमवरून प्रोवर जाणं ९९ डॉलरला आहे, यावरून फरकाचा अंदाज येतो. उलट प्रोवरून होमवर यायचं तर सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. म्हणून शंका असेल तर होमपासून सुरुवात करणं फायद्याचं.

जुना किंवा सेकंडहँड लॅपटॉप घेताना

कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप तालुक्याच्या बाजारात मिळतात. त्यांवर मुळातच प्रो असतं आणि बऱ्याचदा ते अस्सलही असतं. पण तीन गोष्टी बघा. पहिली, प्रोसेसर. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही, मग प्रो असून उपयोग काय? दुसरी, मशीन रीसेट केल्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिथलं लॉगिन मागत असेल तर घेऊ नका, ते अजून त्या कंपनीशी जोडलेलं आहे. तिसरी, बिल.

विंडोज १० ला मिळणारा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, होमचाही आणि प्रोचाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. तुमचं मशीन विंडोज ११ ला चालत असेल तर अस्सल १० वरून ११ वर जाणं फुकट आहे. होमचं होम होतं, प्रोचं प्रो.

नेट कमी, डेटा महाग? हे करा

“होममध्ये अपडेट डेटा खातात, म्हणून प्रो घ्या,” असंही सांगितलं जातं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत असाल तर वायफायच्या त्या जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. मग मोठे अपडेट आपोआप उतरत नाहीत. ही सोय होममध्येही आहे. मात्र महिन्यातून एकदा चांगल्या नेटवर बसून अपडेट करून घ्या.

दूरवरून मदत घ्यायलाही प्रो लागतंच असं नाही. विंडोजमधलं ‘क्विक असिस्ट’ होमवर चालतं. पण बँकेतून बोलतोय, वीज कापली जाईल, असं सांगून कुणी स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावत असेल तर फोन ठेवा. अशा ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच बँकांना सावध केलं होतं.

दुकानात जाताना हे लक्षात ठेवा

• जीएसटीचं पक्कं बिल घ्या. त्यावर विंडोजचं पूर्ण नाव लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज’.
• काउंटरवरच लॅपटॉप चालू करून ‘अबाउट’मधलं नाव बिलाशी जुळवा.
• ‘डॉस’चं मशीन असेल तर अस्सल विंडोजचे पैसे धरून भाव काढा, मग ते स्वस्त आहे का बघा.
• ‘एस मोड’ आहे का विचारा.
• खातं स्वतःच्या ईमेलवर काढा, ४८ आकडे वहीत उतरवा.
• प्रो सुचवलं तर विचारा, “यातली कोणती सोय माझ्या कामाला लागेल?” नीट उत्तर आलं नाही तर होमच घ्या आणि वाचलेल्या पैशांत रॅम वाढवा.